चाकं लावून तयार झालेलं मॉडेल उडताना कसं दाखवायचं: घरच्या घरी स्टँड

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा की दोन मॉडेल तयार आहेत, एक १/७२ चं (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं) मिग-२१ आणि एक १/४८ चं स्पिटफायर मार्क ८ (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान), दोन्हीला चाकं खाली लावलेली, रंग, डेकल (चिकटवायची चिन्हं), वार्निश सगळं होऊन बसलंय आणि आता कपाटात ती नुसती उभी बघवत नाहीत, उडताना दाखवायचीयत. विकतचा पारदर्शक स्टँड डुगडुगतो आणि खेळण्यासारखा दिसतो म्हणतोस, म्हणून घरी करायचाय, आणि विचारलंस की दांडी पितळेची घेऊ का अ‍ॅक्रिलिकची.

दांडीचं सांगतो, पण ते तिसऱ्या नंबरला येतंय. आधी ठरव की विमान त्या क्षणाला काय करतंय, मग ठरव की दांडी विमानात शिरणार कुठं आणि आत तिला धरणार कोण. ही दोन ठरली की दांडी आणि बेस कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका दुपारचं काम आहे. लोक उलटं करतात, आधी छान सागवानी बेस पॉलिश करून ठेवतात, दांडी ठोकतात आणि शेवटी विमानाच्या पोटाला सुपर ग्लूने चिकटवायला बघतात, मग ते महिन्याभरात गळून पडलं की स्टँडला नावं ठेवतात.

तर आधी क्षण. तुझी चाकं खाली आहेत आणि चिकटवलेली आहेत. ती उपटून दरवाजे बंद करत बसू नकोस, रंगाची वाट लागेल. चाकं खाली असताना पण विमान हवेत असतंच की, टेकऑफला आणि लँडिंगला. यात स्पिटफायरचं एक सोयीचं आहे. त्याच्या फ्लॅपला (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी झडप) दोनच पोझिशन, पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली, मधलं काही नाही, आणि टेकऑफ फ्लॅप वर ठेवूनच करायचे. किटमध्ये फ्लॅप बहुतेक वेळा वरच मोल्ड केलेले असतात. म्हणजे तुझं मॉडेल आत्ता आहे तसंच, एक तुकडा न बदलता, धावपट्टी नुकती सोडलेलं स्पिटफायर आहे! लँडिंग दाखवायचं म्हटलंस तर मात्र फ्लॅप खाली पाहिजेत, ते राहिले वर तर जाणकार लगेच बोट ठेवणार. मिगचे फ्लॅप टेकऑफला थोडे खाली असतात, पण डेल्टा म्हणजे त्रिकोणी पंखाच्या मागच्या कडेला १/७२ मध्ये ते एवढे बारीक की तुला झेपत असेल तर कापून वाकव, नाहीतर सोड.

एक गोष्ट मात्र तपास. जमिनीवर विमानाचं वजन चाकांच्या पायांवर असतं, त्यामुळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबलेला असतो, हवेत उठलं की तो पूर्ण लांब होतो. १/७२ मध्ये हा फरक एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा, कोणाला दिसणार नाही. १/४८ मध्ये दिसतो, पण बघणाऱ्याला माहीत असेल तरच. टायर खालून चपटे केलेले असतील, हल्ली बऱ्याच किटमध्ये तसे येतात, तर ते मात्र हवेत लई खटकतंय. तेवढं पुट्टी लावून गोल कर.

आता उंची. इथं स्केलचा हिशोब कर, कोणी करत नाही. १/७२ ला ५ सेंटिमीटर म्हणजे खरे ३.६ मीटर. १/४८ ला ५ सेंटिमीटर म्हणजे २.४ मीटर. टेकऑफचा क्षण दाखवायचाय तर चाक आणि बेसमधलं अंतर एवढंच पाहिजे, तीन ते सहा सेंटिमीटर, बास. आणि बेसवर धावपट्टीचा तुकडा रंगवलास तर तो पण त्याच स्केलचा होतो, खोटा वाटत नाही. ह्याचं उलटं बघ, लोक १/७२ चं विमान वीत-दीड वीत उंच दांडीवर चढवतात आणि खाली शेतं, नदी, झाडं करतात. २५ सेंटिमीटर म्हणजे १८ मीटर झाले, पाच-सहा मजली बिल्डिंग. एवढ्या खालून जग्वारसारखं हल्ल्याचं विमान शत्रूच्या हद्दीत घुसताना दाखवलंस तर मी मान्य करीन, पण डॉगफाइट (हवेतली झुंज) करणारं मिग एवढ्या खाली कशाला येईल? उंची दाखवायची असेल तर खालची जमीन विमानापेक्षा खूप लहान स्केलची कर, शेतं नखाएवढी, नदी दोऱ्याएवढी, नाहीतर सरळ काही करू नकोस, काळा बेस ठेव. कापसाचे ढग मला स्वतःला अजिबात आवडत नाहीत. आपल्याकडं पावसाळ्यात खरा कापूस ओल धरतो, पिवळा पडतो आणि धूळ तर अशी पकडतो की ऑक्टोबरात ढग काळे झालेले असतात. करायचाच झाला तर उशीत भरतात ते सिंथेटिक फायबर घे.

मिगला नाक वर, आठ-दहा अंश, आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी मागची ज्वाला) चालू आणि मागची चाकं नुकती सुटलेली. स्पिटफायरला नाक तेवढं वर नको, चार-पाच अंश पुरे, हवं तर एक पंख किंचित खाली. टेकऑफच्या पोझला बँक द्यायचा, म्हणजे विमान एका बाजूला कलवायचा, मोह होतो, पण जमिनीपासून दोन मीटरवर तीस अंश बँक देणारा पायलट फार दिवस पायलट राहत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, जोड. माझं ठाम मत आहे की स्टँड बिघडतो तो जोडात बिघडतो. विमानाचं प्लॅस्टिक एक ते दीड मिलिमीटर जाडीचं. त्याला नुसतं भोक पाडून दांडी घातली की सगळा भार त्या दीड मिलिमीटर कडेवर येतो, विमान नंदीबैलासारखं मान डोलवत राहतंय, आणि प्रत्येक डोलण्याला भोक मोठं होत जातंय. त्यामुळे दांडी दोन ठिकाणी धरली गेली पाहिजे आणि त्या दोन ठिकाणांत जेवढं अंतर जास्त तेवढं चांगलं. याचा उपाय म्हणजे विमानाच्या आत नळी, सॉकेट म्हण, कायमची बसवायची आणि दांडी त्या नळीत सरकवायची. दांडी चिकटवायची नाही. मग मॉडेल काढून हातात घेता येतं, पुसता येतं, डब्यात घालून नेता येतं.

नळी कुठून आणायची? परदेशात एकात एक बसणाऱ्या पितळी नळ्या विकत मिळतात, इथं हॉबीवाल्याकडून मागवल्या तर महाग पडतात. जुन्या रेडिओची ओढून लांब होणारी एरियल माहितीय ना, ती बघ, एकात एक बसणाऱ्या बारीक नळ्यांचा आख्खा सेटच आहे तो, बहुतेक पितळेच्या, वर चकाकी दिलेल्या. रेडिओ-टीव्ही रिपेअरवाल्याच्या खोक्यात अशा मोडक्या एरियल पडलेल्या असतात, दहा-वीस रुपयात देतो नाहीतर चहावर देतो. कापताना पक्कड लावू नको, तोंड चेपतं. टेबलावर ठेवून बारीक कानशीच्या कडेने गोल गोल फिरवत खाच पाड आणि मग मोड, स्वच्छ तुटते. आतली कड सुईच्या टोकाने साफ कर. एरियलची पातळ नळी आणि आत बसणारी दांडी आधी हातात बसवून बघ, सैल असेल तर ती जोडी सोडून दुसरी शोध.

स्पिटफायरला जागा पोटात, पंखाच्या मधोमध. नेमकी कुठं ते बॅलन्सवरून ठरतं. दोन्ही पंखांखाली एकेक बोट धर आणि पुढंमागं सरकव, ज्या रेषेवर विमान ना नाकावर जातंय ना शेपटीवर, ती रेष. पंखाच्या रुंदीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात कुठंतरी येईल. मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलने खूण कर, डावं-उजवं मोजून मधला बिंदू काढ. भोक पाडायला इलेक्ट्रिक ड्रिल अजिबात नको, किटचं प्लॅस्टिक, पॉलिस्टायरिन, घर्षणाने वितळतं आणि बिट चिकटून बसतं. हाताने फिरवायचा पिन वाइस घे, गुजरीत सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडं मिळतो, बारीक कानशी पण तिथंच घे, हॉबीच्या नावाने विकतात त्यापेक्षा स्वस्त आणि चांगल्या. आधी ०.८ किंवा १ एमएमचं बिट, इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात पीसीबीचं (सर्किट बोर्डचं) मिळतं, मग एकेक साइज वाढवत जा, शेवटचं गोल कानशीने, म्हणजे नळी घट्ट बसेल.

१/४८ च्या स्पिटफायरमध्ये पोटाचं प्लॅस्टिक आणि वर कॉकपिटचा तळ यांच्यामध्ये पोकळी असते, साधारण बोटाच्या पेराएवढी. नळी त्या तळाला जाऊन टेकली पाहिजे. विमान उलटं धर, म्हणजे आता कॉकपिटचा तळ खाली आला, आणि नळीचं आतलं तोंड बंद करून (एम-सीलचा बारीक गोळा पुरतो) ती आत उभी कर. मग हळू सेट होणारं अराल्डाइट, झटपटवालं नाही, थोडी टाल्कम पावडर मिसळून घट्ट केलेलं, सिरिंजने भोकाच्या कडेतून आत सोड. पावडर कशाला तर पातळ असेल तर फटींतून कॉकपिटमध्ये जाऊन पायलटच्या मांडीवर बसेल. ते खाली साचून नळीचं आतलं टोक तळाला पकडतं, पोटाच्या भोकाशी दुसरं पकडतं, झाली दोन ठिकाणं. रात्रभर उलटं ठेव, हलवू नको. सुपर ग्लूचा मोह टाळ, तो ओढ सहन करतो पण धक्का आणि पिळा सहन करत नाही, ठिसूळ आहे, आणि त्याच्या वाफेने कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) आतून पांढरी धुरकट होते ती वेगळीच.

नळी विमानाला काटकोनात, सरळ बसव. नाक वर, पंख खाली, हे जे काही कोन असतील ते दांडीला वाकवून दे, नळीला नको. म्हणजे उद्या तुला पोझ बदलावीशी वाटली तर नवी दांडी वाकवायची, विमानाला हात नाही लावायचा.

गोल दांडी गोल नळीत फिरते, हा पुढचा त्रास. घरातला पंखा लावला की विमान हळूहळू तोंड फिरवतंय. त्यासाठी दांडीच्या वरच्या टोकाला एका बाजूने कानस मारून ती सपाट कर, म्हणजे टोक गोल न राहता इंग्रजी डी सारखं होईल, आणि नळी विमानात बसवायच्या आधी तिच्यात ते टोक घालून बाहेरून व्हाइसमध्ये हलकेच चेप. एवढ्याने फिरणं बंद. चौकोनी नळी आणि चौकोनी दांडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण शोधत बसू नकोस.

मिगला मात्र पोटात भोक पाडायची गरजच नाही. मागं एवढा मोठा नॉझल (इंजिनाचं मागचं तोंड) आहे, १/७२ मध्ये सेंटिमीटरभर रुंद, दांडी तिथूनच घाल. आफ्टरबर्नर चालू असलेल्या विमानाच्या शेपटातून निघालेल्या दांडीकडं डोळा ज्वाला म्हणूनच बघतो, आणि विमान समोरून, वरून, बाजूने सगळीकडून मोकळं दिसतंय. नॉझलच्या आत, थोडं खोल, इंजिनाची चकती असते, तिच्या मधोमध भोक पाड, नळी त्यातून आरपार जाऊ दे आणि चकतीपासून नॉझलच्या तोंडापर्यंत नळीभोवती एम-सील दाबून भर, बाहेरचे दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोड. वाळलं की काळा रंग. तयार मॉडेलमध्ये पुढचं टोक धरता येत नाही, म्हणून हा एम-सीलचा बूच जेवढा लांब तेवढा चांगला. किट जोडायच्या आधी जर विचार केला असता तर नळी सरळ पंखापर्यंत नेली असती, पण १/७२ चं मिग हलकं आहे, चालून जातंय. पंखांचा पसारा खऱ्या विमानाचा ७.१५ मीटर, म्हणजे तुझ्या मॉडेलचा दहा सेंटिमीटरसुद्धा नाही. किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघ, पन्नास-साठ ग्रॅमच्या पुढं जाऊ नये. हां, नाकात वजन भरलं असशील, शेपटीवर बसू नये म्हणून भरतात ना, तर बॅलन्सचा बिंदू पुढं गेला आणि शेपटातल्या दांडीवर जोर वाढला, तेवढं लक्षात ठेव. पुढच्या वेळी उडतं करायचं ठरवूनच किट घेतलंस तर नाकात वजन भरूच नको.

मिग घेऊन विचारणारे हल्ली बरेच झालेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला, १९६३ पासून हवाई दलात होतं, म्हणजे साठ वर्षांवर, त्यामुळे प्रत्येकाला एक तरी करून ठेवायचंय. नॉझलमधली दांडी सगळ्या एका इंजिनाच्या जेटला चालते, मिराज २०००, तेजस, नॅट. नॅटचं एक गमतीचं, त्याची चाकं अर्धवट खाली सोडून एअरब्रेक म्हणून वापरायचे, म्हणजे हवेतल्या नॅटला चाकांचे दरवाजे थोडे उघडे दाखवले तरी चूक नाही.

आता दांडी. इथं एक हिशोब डोक्यात ठेवलास की बाकी आपोआप सुटतंय. गोल दांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट तर ताठपणा सोळा पट. दीडपट केली तरी पाच पट. आणि लांबी वाढली की वाकणं तिसऱ्या घाताने वाढतं. म्हणून दांडी थोडी जाड आणि थोडी आखूड, यातच सगळा फायदा आहे. आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. ६० ग्रॅमचं विमान १५ सेंटिमीटर आडव्या दांडीच्या टोकाला लावलंय असं धर. २ एमएमची स्टीलची दांडी सुमारे ४ मिलिमीटर खाली वाकते. ३ एमएमची वाकते एक मिलिमीटरपेक्षा कमी. पितळ स्टीलच्या निम्मंच ताठ, म्हणजे त्याच जाडीला दुप्पट वाकणार. आणि अ‍ॅक्रिलिक स्टीलपेक्षा साठ-पासष्ट पट मऊ, ६ एमएमची अ‍ॅक्रिलिकची दांडी घेतलीस तेव्हा कुठं ती २ एमएमच्या स्टीलच्या बरोबरीला येते. शिवाय अ‍ॅक्रिलिक सतत भार राहिला की वर्षभरात हळूहळू अजून खाली येत राहतं आणि पुन्हा वर जात नाही, एप्रिल-मेमध्ये खिडकीजवळच्या कपाटात तर नक्कीच.

त्यामुळे तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर: दोन्ही नको, स्टील घे. पितळ दिसायला सुंदर, सोल्डर होतं, वाकवायला सोपं, पण आपल्या हवेत काळं पडतं आणि मग ते पॉलिश करत बसावं लागतं. छोट्या १/१४४ च्या मॉडेलला पितळ ठीक आहे.

स्टीलमध्ये उद्यमनगरात वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात जा आणि टिग वेल्डिंगची स्टेनलेसची फिलर रॉड माग. मीटरभर लांब, सरळ, चकचकीत, १.६, २.४, ३.२ एमएम अशा जाडीत येते, गंजत नाही, हाताने व्हाइसमध्ये वाकते आणि वाकवली तशी राहते. सुट्ट्या दोन-चार रॉड कोणी पण देतो. मिगला २.४ पुरे, स्पिटफायरला ३.२ घे. वाकवताना एका जागी कोन पाडू नको, एखाद्या पाइपाभोवती गोलाई देऊन वाकव, कोन पाडलेली दांडी कपड्याच्या हँगरसारखी दिसते, गोलाईची दांडी विमानाच्या मागं रेष ओढल्यासारखी दिसते. सायकलचा स्पोक पण भारी माल आहे, २ एमएमचा, आणि टोकाला आटे आधीच पाडलेले, निपलसकट घेतलास तर निपल बेसमध्ये अराल्डाइटने बसव आणि स्पोक त्यात फिरवून घट्ट कर, काढायचा झाला की उलटा फिरव. छोट्या मॉडेलला याच्यासारखं दुसरं काही नाही. पियानो वायर मिळाली तर ती सगळ्यात ताठ, पण ती साध्या कटरने कापू नको, कटरच्या धारेला खाच पडते, ग्राइंडरवर काप.

तरी तुला पारदर्शकच पाहिजे असेल, फोटो काढायला ते बरं पडतं हे मला मान्य आहे, तर साइनबोर्डवाल्यांकडं अ‍ॅक्रिलिकची रॉड मिळते, ८ एमएमच्या खाली घेऊ नको आणि दांडी उभीच ठेव, आडवी-तिरकी नको. वाकवायला हीट गन, सुमारे दीडशे अंशाला ती नरम पडते, सगळीकडून फिरवत गरम कर, बुडबुडे दिसले की जास्त झालं. वाकवलेल्या अ‍ॅक्रिलिकला थिनर किंवा स्पिरिट लागू देऊ नको, बारीक बारीक तडे जातात. कापलेलं टोक ४०० पासून २००० पर्यंत पॉलिश पेपरने आणि शेवटी ब्रासोने घास, काचेसारखं होतं.

बेसला वजन पाहिजे, आकार नको. फोटोफ्रेमएवढ्या मोठ्या लाकडी फळीवर चिमूटभर मिग बसवलेलं मी बघतो तेव्हा विमान आधी दिसतच नाही. लोखंडाची ८० एमएम गोल आणि १० एमएम जाड चकती जवळजवळ ४०० ग्रॅमची होते, तळहाताएवढी पण नाही, आणि ६० ग्रॅमचं विमान हिशोबाने तिच्या मधापासून २५-३० सेंटिमीटर लांब गेलं तरी उलटणार नाही. अर्थात झाडताना कोणाचा तरी हात लागणारच, म्हणून विमानाचा बॅलन्सचा बिंदू चकतीच्या कडेच्या फार बाहेर काढू नको. कोल्हापुरात लोखंड मागायला लाजायचं कारण नाही, लेथवाल्यांकडं कापून उरलेले असे तुकडे किलोवर मिळतात, तोंड मारून साफ करून घे, तिथंच मधोमध किंवा थोडं एका बाजूला ड्रिल करून आटे पाडून घे, दांडीला पण आटे पाडून घे, एक चेकनट लाव, विषय संपला. ३.२ च्या रॉडला तीन एमएमचे आटे बसतात. २.४ च्या रॉडला आटे नको, तिच्या मापाचं घट्ट भोक पाडून घे आणि अराल्डाइटने बसव. गंज लागू नये म्हणून ब्लॅकनिंग करून घे नाहीतर काळा मॅट स्प्रे मार, उघडं लोखंड जुलैत तांबडं पडणारच. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा चिकटव, कपाटाच्या काचेवर ओरखडे येत नाहीत आणि सरकत नाही.

लाकूडच आवडत असेल तर फर्निचरवाल्याकडचा सागवानाचा तुकडा घे पण खालून पोकळ करून आत लोखंड किंवा शिसं बसव. ग्रॅनाइटचे कापलेले तुकडे फरशीवाल्यांकडं फुकट पडलेले असतात, वजनाला उत्तम, भोक मात्र त्यांच्याकडूनच पाडून घ्यावं लागतं.

कपाटात कुठल्या उंचीला ठेवणार ते पण आत्ताच ठरव. डोळ्याच्या खालच्या कप्प्यात असेल तर बघणाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेव, म्हणजे वरची बाजू, कॅमोफ्लाज, राउंडेल (हवाई दलाची गोल खूण) दिसतात. डोळ्याच्या वर असेल तर बघणाऱ्याकडचा पंख वर, म्हणजे पोट आणि चाकं दिसतात. पुढं कधी वळणारं विमान केलंस तर ३० ते ४५ अंश बँक छान दिसतो. ६० अंशाच्या सपाट वळणाला पायलटवर २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट भार, येतो, तेव्हा एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाची हलणारी पट्टी) थोडं वर उचललेलं पाहिजे, नुसतं विमान तिरकं करून ठेवलं की ते वळतंय असं वाटत नाही, घसरतंय असं वाटतं.

स्पिटफायरचा पंखा (प्रोपेलर) राहिला. चार पाती स्थिर ठेवून टेकऑफ दाखवणं मला पटत नाही, पण काहीजण म्हणतात की वेगवान कॅमेऱ्याच्या फोटोत पाती थांबलेलीच दिसतात, ते पण खरं आहे. फिरता दाखवायचा तर स्पिनर (पंख्याच्या मधली टोपी) काढून पाती मुळाशी काप (फेकू नको), ओएचपी शीटची (पारदर्शक प्लॅस्टिकची) चकती पात्यांच्या मापाची काप, १५०० च्या पेपरने गोल गोल हलके घास, आणि कडेला पिवळी बारीक रिंग एअरब्रशने अगदी पुसट मार, कारण पात्यांची टोकं पिवळी असतात आणि फिरताना त्यांचं कडं दिसतं. पात्यांच्या सावल्या मारणार असशील तर दिशा बघ. मार्क ८ ला मर्लिन इंजिन, पंखा कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने, म्हणजे समोरून उलटा. मार्क १४ ला ग्रिफॉन आणि पाच पाती, तो बरोबर याच्या विरुद्ध. छोटी मोटर बसवून खरा फिरवायचं पण डोक्यात येईल, गणपतीचे तांत्रिक देखावे बघून आपल्या गावात प्रत्येकाच्या येतंच, पण आवाज येतो, वायर लपवावी लागते, आणि दोन दिवसांनी स्विच कोणी लावत नाही. आणि कॅनॉपी बंद पाहिजे, आत पायलट पाहिजे. रिकाम्या सीटचं विमान उडताना दाखवू नको मर्दा, बाकी सगळं माफ. कॅनॉपीला अपवाद एवढाच, स्पिटफायरवाले टेकऑफला ती मागं सरकवून उडायचे, उघडी चिकटवली असशील तर तशीच राहू दे, पायलट तेवढा बसव.

तंगूसने छताला टांगायचं विचारू नको. धूळ, सिलिंग फॅन आणि पाल, तिन्ही शत्रू वर आहेत. मॅग्नेटचा जोड पण लोक सुचवतात, बदलायला सोपा आहे, पण तिरक्या पोझला घसरतो, सरळ उभ्या दांडीला आणि हलक्या मॉडेललाच चालतो.

पुढचं किट उडतंच करायचं ठरवलंस तर चाकांचे दरवाजे सुटे कापायच्या आधी कोरडे बसवून बघ, बऱ्याच किटमध्ये ते अख्खा एक तुकडा असतो आणि उघडे दाखवायचे तरच कापायचे असतात. कापलेले असतील तर मागून प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून आधार दे, नाहीतर बसवताना आत पडतात. स्पिटफायरला मात्र सगळं गुळगुळीत बुजवून टाकू नको, दरवाजा फक्त पायाला असतो, चाक आत गेलं तरी खालून त्याचा भाग उघडाच दिसतो. आणि मार्क ८ चं शेपटीचं चाक आत जातं, मार्क ९ चं जात नाही, ते बाहेरच राहतं. मिगची मागची चाकं फिरून पोटाच्या बाजूला उभी बसतात, म्हणून तिथं दरवाज्याला फुगवटा असतो, तो घासून सपाट करू नको.

तुझ्या मिगचं किट कुठल्या कंपनीचं आहे आणि नॉझलच्या आत चकती किती खोल आहे ते मोजून सांग, त्यावर नळी किती लांब कापायची ते सांगतो.